रुपयाचा भाव आणि रात्रीचे पापड

फेब्रुवारी १९२० मध्ये सरकारने जाहीर केलं की यापुढे एका रुपयाची किंमत दोन शिलिंग. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईतल्या सिडनहॅम कॉलेजातला एक माजी प्राध्यापक अपुरं शिक्षण पूर्ण करायला लंडनच्या बोटीत बसला. त्याचे पैसे रुपयात होते आणि खर्च पौंडात. पुढची दोन-अडीच वर्षं तो 'रुपयाचा प्रश्न' या विषयावर प्रबंध लिहिणार होता. रुपयाचा प्रश्न अर्थात त्याच्या खिशातही होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लंडनमधल्या दिवसांच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. चौदा एप्रिलच्या स्टेटसमध्ये येणारा 'अठरा तास अभ्यास' आणि मध्यरात्री भाजलेले पापड तर पाठच झालेले असतात. या गोष्टी खोट्या आहेत असं मला म्हणायचं नाही. पण त्या सांगताना पापडाच्या बाजूला रुपयाचा भाव मांडत नाहीत, आणि मला तो मांडून बघायचा आहे. माझ्या वर्गातले अर्धेअधिक मित्र एमएस करायला बाहेर गेले. शेवटच्या वर्षाच्या 'फॉल'मध्ये त्यांच्या फोनवर दोन टॅब कायम उघडे असत, एक थिसीसचा आणि दुसरा डॉलरच्या भावाचा. त्यामुळे या हिशेबाची सवय आहे.

आधी साधं गणित. तेव्हाचा पौंड म्हणजे वीस शिलिंग आणि शिलिंग म्हणजे बारा पेन्स. रुपया दोन शिलिंगांचा असेल तर दहा रुपयांत एक पौंड मिळतो. आंबेडकरांकडे सिडनहॅमच्या पगारातून साठवलेले पैसे होते (पगार महिना ४५० रुपये, आणि त्यात परळच्या चाळीतलं घरही चालवायचं होतं), शाहू महाराजांनी दिलेली मदत होती आणि नवल भथेना या कोलंबियापासूनच्या पारशी मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज होतं. दहाच्या भावाने पाच हजारांचे पाचशे पौंड होतात.

हा भाव टिकला नाही. महायुद्धात चांदी महागली. नाण्यातली चांदी नाण्यापेक्षा महाग होऊ लागली म्हणून सरकारने रुपयाचा भाव पायरीपायरीने वर नेला होता. युद्धाआधी तो एक शिलिंग चार पेन्स होता. बॅबिंग्टन स्मिथ समितीने सांगितलं की आता तो दोन शिलिंग सोन्याला बांधा. समितीतले एकमेव भारतीय सभासद दादिबा दलाल यांनी वेगळं मत नोंदवलं. जुना भाव ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं. बहुमत जिंकलं, पण बाजार हरला नाही. भाव धरून ठेवायला सरकार कित्येक महिने लंडनवरच्या हुंड्या स्वस्तात विकत राहिलं, कोट्यवधी रुपये त्यात बुडाले, आणि १९२० च्या सप्टेंबर अखेरीस सरकारने हात टेकले. आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पुन्हा दाखल झाले ते नेमके त्याच दिवसांत.

१९२१ मध्ये रुपया एक शिलिंग चार पेन्सच्या जुन्या पातळीवर आला आणि काही महिने तिच्याही खाली होता. या भावाने पौंडाला पंधरा रुपये पडतात. पाचशे पौंडांचे तीनशे तेहतीस झाले. विद्यार्थ्याच्या हातून काहीही चूक न होता त्याच्या शिक्षणाचा एक तृतीयांश भाग कापला गेला.

आता ४ सप्टेंबर १९२१ ची तारीख लक्षात घ्या. त्या दिवशी आंबेडकरांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड उसने मागितले. कायद्याच्या शिक्षणाची फी भरायची होती आणि परतीच्या बोटीची सोय करायची होती. दोन शिलिंगांचा रुपया असता तर दोनशे पौंडांना दोन हजार रुपये लागले असते. त्या दिवसांच्या भावाने तीन हजार लागत होते, म्हणजे सिडनहॅमचा साडेसहा महिन्यांहून जास्त पगार. तोही आता बंद होता.

हे सगळं शरद ऋतूत घडत होतं. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे पाऊस ओसरून वर तापलेली उन्हं, ऑक्टोबर हीट, नवरात्राची गडबड. लंडनमध्ये त्या दिवसांत उजेडच आटत जातो. सप्टेंबरच्या मध्यावर बारा-साडेबारा तासांचा दिवस असतो, नोव्हेंबर संपेपर्यंत दुपारी चारला अंधार पडतो. तेव्हाचं लंडन कोळशावर चालायचं. घराघरातल्या शेगड्यांचा धूर आणि धुकं मिळून रस्त्यावर पिवळट काळोख पसरायचा. ऊब विकत घ्यावी लागायची, आणि ज्याच्याकडे पैसे मोजून असतात त्याला सगळ्यात स्वस्त ऊब सार्वजनिक ग्रंथालयातच मिळते.

१९२१-२२ मध्ये आंबेडकर राहत होते ते घर प्रिमरोझ हिलजवळ, १० किंग हेन्रीज रोड. (महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं, तिथे आता स्मारक आहे.) तिथून ब्रिटिश म्युझियम साधारण चार किलोमीटर. हे अंतर ते बसचे पैसे वाचवायला चालत जात, असं चरित्रांत येतं. म्युझियमच्या वाचनालयाचा तो प्रचंड गोल घुमट १८५७ पासून उभा होता, कार्ल मार्क्स तिथेच बसून गेला होता. उघडताना आत आणि बंद होताना बाहेर, हा त्यांचा दिवस. म्युझियमपासून ग्रेज इन चालत पंधरा मिनिटांवर, आणि तिथून पुढे ऑल्डविचच्या बाजूला एलएसई. इंडिया ऑफिसची कागदपत्रं व्हाइटहॉलमध्ये आणि लंडन विद्यापीठाचं ग्रंथालय तेव्हा साउथ केन्सिंग्टनला. नकाशावर या पाच ठिकाणांना जोडणारी रेघ ओढली की त्यांचं लंडन पूर्ण होतं. त्यात नाटकघरं नाहीत, हॉटेलं नाहीत.

जेवणाची गोष्ट धनंजय कीर आणि चां. भ. खैरमोडे यांच्या चरित्रांमुळे सगळ्यांना माहीत आहे. सकाळी घरमालकीण देईल तो पावाचा तुकडा, माशाचा तुकडा, कपभर काहीतरी गरम. दुपार बहुधा कोरडी. रात्री बोव्हरिल, म्हणजे गरम पाण्यात ढवळायचा मांसाचा अर्क, आणि सोबत बिस्किटं. मग दहाच्या सुमाराला पोटात आग पडायची, तेव्हा एका ओळखीच्या भारतीयाने दिलेले पापड भाजायचे. खोलीतला सोबती झोपेतून उठून विचारायचा, अजून किती जागणार? त्यावर उत्तर असं की खायला पैसे नाहीत आणि झोपायला वेळ नाही.

परदेशात शिकणाऱ्या कुठल्याही मराठी मुलाच्या बॅगेत आजही पापड असतात. पण त्याच्या बॅगेतले पापड म्हणजे घरची आठवण, वरणभाताच्या शेजारी ठेवायची. इथे पापड हेच जेवण होतं.

आता एक विचित्र गंमत बघा. बॅरिस्टर व्हायचं तर तेव्हा नुसती परीक्षा देऊन चालत नसे. ग्रेज इनसारख्या संस्थेच्या दालनात ठरावीक संख्येने जेवणं जेवावी लागत, तरच 'टर्म' भरली असं धरत. ही जेवणं सक्तीची होती आणि त्यांचे पैसे विद्यार्थ्यानेच भरायचे. एरवी बिस्किटांवर राहणाऱ्या माणसाला पदवीसाठी लाकडी कोरीवकामाच्या दालनात, काळा झगा घालून, आर्मस्ट्राँग आणि स्मिथ यांच्या पोरांशेजारी बसून जेवावं लागत होतं. ही जेवणं झाली, परीक्षा झाल्या आणि १९२२ च्या उन्हाळ्यात ते बॅरिस्टर झाले.

एवढी घाई कशासाठी? एमएस्सी, डीएस्सी आणि बॅरिस्टरी एकाच वेळी कोण करतं? याचं उत्तर १९१७ मध्ये आहे. कोलंबियातून १९१६ मध्ये लंडनला येऊन त्यांनी एलएसई आणि ग्रेज इनमध्ये नाव घातलं होतं, पण वर्षभरातच बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि परत यावं लागलं. बडोद्यात नोकरी होती, राहायला जागा मिळत नव्हती. पारशी खानावळीत नाव लपवून राहावं लागलं आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. लंडन विद्यापीठाने अभ्यास पुन्हा सुरू करायला चार वर्षांची मुदत दिली होती. त्या मुदतीच्या आत परत यायचं, आणि हातातले पैसे संपायच्या आत सगळं आटपायचं. म्हणून त्यांनी अभ्यासाचे तीन धागे एकदम ओढले. प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांनी नोव्हेंबर १९२० मध्ये एलएसईच्या कार्यालयाला लिहिलं होतं की या माणसाकडे डॉक्टरेटचं काम आधीच आहे, इथे जिंकायला आता त्याला काय उरलंय. फॉक्सवेल हे साधे गृहस्थ नव्हते. अर्थशास्त्राच्या जुन्या पुस्तकांचा त्यांचा अफाट संग्रह लंडन विद्यापीठाला मिळाला होता, आणि चलनाच्या इतिहासावर काम करणाऱ्याला तो सोन्याची खाण होता.

एमएस्सीचा प्रबंध जून १९२१ मध्ये मान्य झाला. विषय होता ब्रिटिश भारतातल्या साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेचं प्रांतांकडे विकेंद्रीकरण. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवलं होतं, पण ते काही पुढे गेलं नाही. १९२१ आणि १९२२ चे शरद ऋतू मग रुपयाच्या प्रबंधाचे.

आता त्या प्रबंधाबद्दल. तो वाचायला बसलं की पहिली दोनशे पानं कंटाळवाणी वाटतात हे मी मान्य करतो. नाणी, वजनं, चांदीचे भाव, खलित्यांचे उतारे. पण एकदा सूर सापडला की ते पुस्तक म्हणजे एखाद्या जुन्या, कुणीच नीट न समजून घेतलेल्या प्रणालीचं केलेलं डीबगिंग आहे असं वाटू लागतं. प्रत्येक निर्णय कुणी, कधी, कशाच्या जोरावर घेतला आणि त्याने पुढे काय मोडलं, याची नोंद.

मूळ कथा अशी. १८३५ पासून भारतात चांदीचा रुपया चालत होता. १८७० नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली आणि सोन्यावर चालणाऱ्या इंग्लंडला पैसे पाठवणाऱ्या भारत सरकारचा जीव मेटाकुटीला आला. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. आधी कुणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होता, आता रुपये पाडायचे की नाही हे सरकार ठरवणार. पुढे सोन्याची नाणी आणायचं ठरलं, ती आलीच नाहीत. त्याऐवजी एक तात्पुरता जुगाड कायमचा झाला. भारतात रुपया चालेल, पण त्याचा भाव लंडनमधून हुंड्या विकून एक शिलिंग चार पेन्सवर धरून ठेवायचा. याला सुवर्ण विनिमय पद्धत म्हणतात. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या त्यांच्या पुस्तकात या व्यवस्थेची तारीफ केली होती. सोनं साठवायला नको, व्यवस्था लवचिक, आधुनिक.

तिशीतल्या विद्यार्थ्याने केन्सना थेट विरोध केला. त्याचा मुद्दा साधा होता. लवचिक म्हणजे कुणाच्या हातात लवचिक? नाणी किती पाडायची हे सरकारच्या मर्जीवर असेल तर सरकार जास्त पाडणारच, आणि त्याची किंमत मोजणार बाजारात धान्य घेणारा माणूस. रुपयाचा लंडनमधला भाव स्थिर दिसतो म्हणून रुपया स्थिर होत नाही. त्या रुपयात भारतात काय विकत घेता येतं, ते स्थिर आहे का? त्यांचा उपाय असा की नवे रुपये पाडणं बंद करा, त्यांची संख्या बांधून टाका आणि सोन्याचं नाणं चालू करा. अधिकाऱ्याच्या शहाणपणावर विसंबायची वेळ येऊ देऊ नका.

हा मुद्दा त्यांना पोटातल्या भुकेमुळे सुचला असं मी म्हणणार नाही. तो शंभर वर्षांच्या कागदपत्रांतून आला. पण दिल्ली आणि लंडनमधल्या मूठभर माणसांनी भाव वर नेला, मग सोडून दिला, आणि त्याचा चटका बसलेला एक माणूस म्युझियमच्या घुमटाखाली त्याच माणसांचे अहवाल वाचत बसला होता, हे लक्षात ठेवून ते पुस्तक वाचलं तर कोरड्या पानांमधून थोडा जाळ लागतो.

घरी काय चाललं होतं? परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्यांत रमाबाई आणि कुटुंब. लंडनहून त्यांना गेलेल्या पत्रांत पैसे पाठवता येत नाहीत हे येतं, दागिने मोडून भागवण्याची गोष्ट येते. चरित्रकार लंडनची खोली बारकाईने रंगवतात आणि परळची खोली दोन ओळींत आटपतात, ही माझी त्यांच्याबद्दलची जुनी तक्रार आहे. लंडनच्या भुकेला शेवटी एक पदवी लागलेली होती. परळच्या भुकेला तारीख नव्हती. शिवाय ३१ जानेवारी १९२० ला सुरू केलेलं 'मूकनायक' हे पाक्षिक त्यांच्या मागे डगमगत होतं, ते १९२३ मध्ये बंद पडलं. आणि ६ मे १९२२ ला शाहू महाराज गेले. ज्यांना हक्काने पत्र लिहिता येत होतं असं एक माणूस त्या शेवटच्या शरद ऋतूआधीच कमी झालं.

१९२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लंडन गजबजलेलं होतं. १९ ऑक्टोबरला लॉइड जॉर्ज यांचं सरकार पडलं. १५ नोव्हेंबरच्या निवडणुकीत शापुरजी सकलातवाला हा मुंबईत जन्मलेला कम्युनिस्ट बॅटरसीमधून ब्रिटिश संसदेवर निवडून गेला. गांधी येरवड्याच्या तुरुंगात होते. लॉइड्स बँकेत परदेशी व्यवहारांच्या खात्यात काम करणाऱ्या टी. एस. इलियट नावाच्या एका नोकरदाराची दीर्घ कविता त्याच ऑक्टोबरात लंडनच्या नव्या त्रैमासिकात आली. आणि या सगळ्यात डीएस्सीच्या प्रबंधाची पानं टाइप होत होती. (बरोबर शंभर वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, डॉलर पहिल्यांदा ८३ रुपयांच्या पुढे गेला. माझ्या एका मित्राचं शेवटचं सेमिस्टर तेव्हा चालू होतं. त्याने ग्रुपवर फक्त एक स्क्रीनशॉट टाकला, खाली एक शब्दही नाही.)

१९२३ च्या मार्चमध्ये प्रबंध अडला. परीक्षकांनी तो मान्य करायची शिफारस केली नाही. प्रबंध फार ब्रिटिशविरोधी होता म्हणून अडवला, ही कथा पुढे खूप चालली आणि चरित्रांतही आहे. एलएसईत असलेल्या त्यांच्या विद्यार्थी फाइलमध्ये मात्र या कारणाचा उल्लेख सापडत नाही. मला स्वतःला त्यात नायक-खलनायक शोधण्याची गरज वाटत नाही. ज्याने कधी मेहनतीने लिहिलेलं काम 'सुधारून पुन्हा द्या' या शेऱ्यासह परत घेतलंय, त्याला त्या मार्चमध्ये काय झालं असेल ते कळेल. फरक एवढाच की इथे सुधारून द्यायला राहायचे पैसे संपले होते. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, प्रबंध तिथून दुरुस्त करून ऑगस्टमध्ये पुन्हा सादर झाला. निष्कर्ष त्यांनी बदलले नाहीत.

डीएस्सी मिळाली ती नोव्हेंबर १९२३ मध्ये. म्हणजे पदवीही शरद ऋतूतच आली, फक्त माणूस तिथे नव्हता. तो मुंबई हायकोर्टात वकिली जमवायच्या खटपटीत होता, आणि अस्पृश्य वकिलाकडे कोण अशील येणार हा नवा प्रश्न समोर होता. पुस्तक लंडनच्या पी. एस. किंग अँड सन यांनी लगेच छापलं. प्रस्तावना मार्गदर्शक एडविन कॅनन यांची आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. कॅनन सरळ लिहितात की लेखकाचे बरेचसे युक्तिवाद मला पटत नाहीत, तरी काही घाव त्याने नेमके बसवलेत आणि चुकला तिथेही विचारांचा ताजेपणा आहे. विद्यार्थ्याच्या पहिल्या मोठ्या पुस्तकात गुरूने इतकं मोकळं मतभेदाचं लिहावं आणि विद्यार्थ्याने ते तसंच छापावं, हे मला दोघांच्याही बाजूने आवडतं.

पुढचं सर्वपरिचित आहे, आणि थोडं फुगवलेलंही. डिसेंबर १९२५ मध्ये आंबेडकरांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. यावरून 'रिझर्व्ह बँक या पुस्तकावरून बांधली' असा फॉरवर्ड दरवर्षी येतो. मध्यवर्ती बँकेचा आराखडा शोधायला हे पुस्तक उघडलंत तर निराश व्हाल. त्यात आहे ते चलन काढणाऱ्याच्या हातांना बांध घालण्याबद्दल, आणि माझ्या मते फॉरवर्डमधल्या दाव्यापेक्षा ते जास्त धारदार आहे.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती १९४७ मध्ये निघाली, नाव बदलून, 'भारतीय चलन आणि बँकिंगचा इतिहास, खंड पहिला' या अर्थाच्या इंग्रजी शीर्षकाने. १९२३ नंतरची हकीगत दुसऱ्या खंडात येईल असं प्रस्तावनेत सांगितलं होतं. त्याच वर्षी लेखक स्वतंत्र भारताचा कायदामंत्री झाला आणि ऑगस्टअखेरीस संविधानाच्या मसुदा समितीचं काम त्याच्याकडे आलं. दुसरा खंड कधीच आला नाही.